ऋतुजाचा फॉर्म

"बावीसच फॉर्म आलेत, मॅडम. बाकीचे नऊ कुठं हायत?" मुख्याध्यापक तानाजी सरांनी मोबाइलमधला तक्ता वर्षाराणीपुढे धरला.

"उसाला गेलीत ती पोरं, सर. त्यांच्याकडं लिंक उघडली नसंल."

"मग तुमीच भरून टाका की. दहा प्रश्न तर हायत. वर शंभर टक्के दिसायला पाहिजे."

नांदूरघाटजवळच्या वस्तीवरच्या शाळेत वर्षाराणी बारा वर्षं चौथीला शिकवत होती. दिवाळी झाली की पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला जायची आणि वर्ग असा विरळ व्हायचा. यंदा चाचणीही ऑनलाइन फॉर्मवर आली होती. पोरं घरच्या फोनवरून उत्तरं द्यायची आणि गुण आपोआप लागायचे.

मधल्या सुट्टीत तिने कोरा फॉर्म उघडला. नाव टाकलं, ऋतुजा बिभीषण. पहिल्या गणितावर बोट नेलं आणि ती अडली. ही पोरगी हातचा धरायला विसरते. तिच्या नावाने बरोबर उत्तर द्यायचं, की तिच्यासारखं चुकायचं?

तिने ऋतुजाच्या वडलांना फोन लावला.

"बोला मॅडम," बिभीषण म्हणाला. "फडातच जेवाय बसलोत. लिंक? आपला बटणाचा फोन हाय."

"ऋतुजा आहे का जवळ?"

आधी तान्ह्या बाळाचं रडणं ऐकू आलं, मग ऋतुजाचा आवाज. "मॅडम?"

वर्षाराणी एकेक प्रश्न वाचत गेली. उत्तर आलं की ती त्या पर्यायावर बोट टेकवायची. ऋतुजा तान्ह्या भावाला थोपटत आकडे पुटपुटत होती. सातव्या गणितात तिने हातचा सोडलाच. 'पुन्हा बघ' हे शब्द वर्षाराणीच्या ओठांवर आले होते. ते तिने गिळले आणि चुकीचंच उत्तर नोंदवलं.

"आता शेवटचा, याला गुण नाहीत. शाळेत तुला सगळ्यात जास्त काय आवडतं? खेळ, गाणी, खिचडी की इतर?"

"हजेरी."

"हजेरी? ती कशी गं?"

"तुमी सकाळी नाव घेता ना, ते. हितं समदे मला 'ए पोरी'च म्हणतेत. मॅडम, अजून घेता का माझं नाव?"

उसाला गेलेल्या पोरांची नावं वर्षाराणी कधीच वाचत नव्हती. त्यांच्यापुढे गैरहजेरी मांडून ती पुढे जायची.

"घेते की," ती म्हणाली.

'इतर'वर बोट टेकवून तिने फॉर्म पाठवला. तानाजी सरांना सांगितलं, "राहिलेल्या आठ जणांना मी फोन करून विचारते. ज्यांचा लागणार नाही, त्यांचा कोराच राहील."

सर काहीतरी पुटपुटत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने हजेरी घेतली.

"ऋतुजा बिभीषण."

पुढच्या रांगेतली अंजना म्हणाली, "मॅडम, ती उसाला गेलीय. तिचं नाव कावून घेता?"

एखाद्या पोरीला उठून 'हजर' म्हणायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ वर्षाराणी थांबली. मग गैरहजेरीची खूण केली आणि पुढचं नाव वाचलं.