दाढीच्या वेळची शिट्टी

"ताई, तुला त्या गाण्याचं पुढचं येतच नाही का?"

हा प्रश्न भिंगरीचा नव्हताच. लंबू आणि चष्मिष या तिच्या दोन जिवलग मैत्रिणींनी तो पैजेवर तिच्या गळ्यात मारला होता. शनिवारी संध्याकाळपर्यंत वरच्या भाडेकरणीला तोंडावर विचारायचं, नाहीतर आठवडाभर दोघींची दप्तरं वाहायची, असं वर्गात मागच्या बाकावर ठरलं होतं. दप्तरं जड होती आणि भिंगरीची जीभ तशीही टाळ्याला लागत नसे. तेव्हा तिने विचारून टाकलं.

वरची भाडेकरीण म्हणजे सायकलताई. हे नाव तिघींनी ठेवलेलं. ती विद्यापीठात दगडांचा अभ्यास करायची आणि रोज संध्याकाळी सायकल खांद्यावर घेऊन बाहेरचा जिना चढायची. सायकल खाली ठेवणं तिला मंजूर नव्हतं. आत्ताही ती चौथ्या पायरीवर सायकलीसकट उभी होती. ती हसली नाही, रागावलीही नाही. तिने सायकल अलगद पायरीवर टेकवली, खालच्या न्हाणीघराच्या झरोक्याकडे एकदा पाहिलं, आणि विचारलं, "उद्या तळ्यापर्यंत येतेस? जाऊन-येऊन तीस किलोमीटर. वाटेत सांगते."

भिंगरी हो म्हणून बसली. तीस म्हणजे किती, ते तिला दुसऱ्या दिवशी कळायचं होतं.

खरं तर भिंगरीला गाण्याशी काही देणंघेणं नव्हतं. तिचा डोळा होता खोलीवर.

घर तसं आटोपशीर. खाली स्वयंपाकघर, आईबाबांची खोली आणि बैठक. बैठकीत आईचं शिवणयंत्र, कपड्यांचे ढीग, गिऱ्हाइकांनी अंगावर घालून बघायला लावलेला पडदा आणि त्या पडद्याला खेटून भिंगरीची खाट. शाळेचं शेवटचं वर्ष आणि अभ्यास कसा, तर समीकरण सोडवताना कानाशी कुणीतरी म्हणतंय की कंबरेत थोडं सैल सोडा, जेवण झाल्यावर घट्ट होतं. मग भिंगरीने वर्षभर भुणभुण लावली. मला वरची खोली द्या, मला वरची खोली द्या. आधी आई म्हणाली, भाड्याचं काय? मग बाबा म्हणाले, बिचारी पोरगी कुठे जाईल? शेवटी सहामाहीत भिंगरीचे गुण घसरले आणि दोघांनी हात टेकले. रविवारी संध्याकाळी बाबा वर जाऊन सांगणार होते की महिनाअखेर खोली मोकळी करा.

भिंगरीला वाईट बिलकूल वाटलं नव्हतं. सायकलताई तिच्या लेखी माणूस कमी आणि आवाज जास्त होती. सहाला बादलीचा आवाज. साडेसहाला माऊथऑर्गन, तोही एकच गाणं आणि तेही अर्धंच. संध्याकाळी उलटी ठेवलेली सायकल, तिचं मागचं चाक फिरवल्याची कटकटकट. मग खुर्ची सरकल्याचा एक आवाज, आणि संपलं. आई म्हणायची, पोरगी हूं की चूं करत नाही, असा भाडेकरू नशिबाने मिळतो.

त्या अर्ध्या गाण्याचा मात्र खाली एक हिशेबच लागून गेला होता. बाबा औषधांच्या दुकानात कामाला होते, सातला निघायचे, म्हणजे साडेसहाला न्हाणीघरातल्या आरशासमोर गालाला फेस लावून उभे. वरचं गाणं अर्ध्यावर थांबलं की बाबा पुढचं शिट्टीत पुरं करायचे. त्यांना स्वतःला त्याचा पत्ता नसे. एकदा आई म्हणाली होती, आज फार खुशीत दिसताय, तर बाबा म्हणाले, मी? मी कुठे काय केलं?

रविवारी सकाळी भिंगरी आईची सायकल घेऊन फाटकात उभी राहिली. पुढे टोपली, गियर शून्य, घंटी मात्र दणदणीत. खिशात आईची मोजायची फीत. येताना काही निमित्ताने वर जायचं आणि आपलं टेबल कुठल्या भिंतीला मावतं ते मापून घ्यायचं, असा तिचा बेत होता. सायकलताईने टोपलीकडे पाहिलं, भिंगरीच्या चपलांकडे पाहिलं, काही न बोलता वर गेली आणि स्वतःचे जुने बूट घेऊन आली. ते एक माप मोठे होते. तिने पुढे कापसाचे बोळे कोंबून दिले.

पहिले पाच किलोमीटर भिंगरीने तोंडाने काढले. शाळा, लंबूचा भाऊ, चष्मिषने फोडलेला तिसरा चष्मा, सगळं सांगून झालं. सहाव्याला चढ लागला आणि बोलणं बंद पडलं. सायकलताई पुढे एका लयीत जात होती. मधूनच मागे वळून बघायची आणि वेग कमी करायची, पण जरा वेळाने पुन्हा पुढे निघून जायची. नंतर तिने माफी मागितली. म्हणाली, सोबत कुणी असलं की किती हळू जायचं असतं, त्याची सवय गेलीय.

भिंगरीला ते वाक्य तेव्हा नुसतं ऐकू आलं. लागलं ते नंतर.

अकराव्या किलोमीटरला आईच्या सायकलचं मागचं चाक फुस्स झालं. सायकलताईने रस्त्याकडेला सायकल उलटी केली, टायर काढला, ट्यूब गालाजवळ धरून हवा कुठून येते ते पाहिलं. तिच्या जिभेपेक्षा तिच्या हातांजवळ जास्त शब्द होते. ठिगळ वाळेपर्यंत ती आपणहून थोडंसं बोलली. विद्यापीठात ती महिनाभर उशिरा दाखल झाली होती, टायफॉइडने. तोवर प्रयोगशाळेत सगळ्यांच्या जोड्या लागून गेल्या होत्या. म्हणून ती सगळे प्रयोग तिथल्या मदतनीस काकांबरोबर करायची, आणि त्या काकांना ऐकू कमी यायचं. उपाहारगृहात कोपऱ्यातली खुर्ची तिची, कारण तिथे समोर भिंत आहे, समोर कुणी का बसलं नाही हा प्रश्न येत नाही. हे तिने दगडाची माहिती सांगावी तसं सांगितलं. ठिगळ वाळलं की नाही ते भिंगरी बोटाने चाचपत राहिली.

तळं आलं तेव्हा भिंगरीचे पाय दुसऱ्याच कुणाचे झाले होते. पाणी राखी रंगाचं, वाऱ्याने शहारलेलं. काठावर चिटपाखरू नव्हतं. दोघींनी संत्री सोललीच होती, तोवर सायकलताईचा फोन वाजला.

"हो आई, पोचलो तळ्यावर," ती म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम निराळा, उजळ झाला. "आहेत ना, सगळ्या आहेत. पाच जणी. त्या जरा पुढे गेल्यात फोटो काढायला."

भिंगरीने इकडे तिकडे पाहिलं. मग तिला समजलं. सायकलताईनेही तिला समजलेलं पाहिलं. तिचे कान लाल झाले आणि ती तळ्याकडे वळली.

भिंगरीने विचार वगैरे केला नाही. विचार हा तिचा प्रांतच नव्हता. तिने फोन ओढून घेतला, म्हणाली, "नमस्कार काकू, मी हिची मैत्रीण. ही सगळ्यांत पुढे पळते, आम्हाला दमवून मारते," मग फोन हातभर लांब धरून लंबूच्या घोगऱ्या आवाजात ओरडली की माझं संत्रं कुणी खाल्लं, आणि चष्मिषच्या नाकातल्या आवाजात उत्तर दिलं की मी नाही बाई. पलीकडे ती आई खूप वेळ हसत राहिली. मग म्हणाली की हिला जरा बोलतं ठेवा ग पोरींनो, ही घरातसुद्धा मुकीच. भिंगरी म्हणाली, ठेवू की.

फोन बंद झाल्यावर सायकलताई हसायला लागली, पोट धरून. मग हसणं थांबलं आणि ती बाटलीचं झाकण लावत बसली. ते झाकण केव्हाच लागलेलं होतं.

"पहिल्या महिन्यात एकदा खोटं बोलले," ती म्हणाली. "आईला काळजी नको म्हणून. एक मैत्रीण सांगितली. मग तिची दुसरी आली. आता पाच आहेत, आणि एकीच्या तर तापाची चौकशी होते."

"आणि गाणं?" भिंगरीने विचारलं. पैज तिला खरं म्हणजे आठवतही नव्हती.

सायकलताईने सांगायला वेळ घेतला. सुरुवातीला तिला ते गाणं खरंच अर्धंच येत होतं. एका सकाळी ती नेहमीच्या जागी अडकली आणि झरोक्यातून कुणीतरी पुढचं शिट्टीत पुरं केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. चार दिवसांत ते ऐकून ती शिकली आणि पाचव्या दिवशी मोठ्या हौसेने तिने सबंध गाणं वाजवलं.

"त्या दिवशी खालून काहीच आलं नाही. येणार कसं? पुरं झालेलं होतं." तिने संत्र्याची साल बोटाने दुमडली. "मग मी परत अर्ध्यावर सोडायला लागले. असे दिवस असतात ग, सकाळपासून संध्याकाळपर्यंत माझ्याशी कुणी बोललेलं नसतं. पण साडेसहाला एक उत्तर आलेलं असतं. त्याच्यावर निघतो दिवस."

भिंगरीच्या हातातली फोड हातातच राहिली.

"मागे आठ दिवस शिट्टी बंद होती," सायकलताई म्हणाली. "मला वाटलं, माझं काही चुकलं. मी बादलीसुद्धा हळू ठेवायला लागले होते."

"बाबांची दाढ काढली होती," भिंगरी म्हणाली. "गाल भोपळ्याएवढा सुजला होता. फुंकर मारता येत नव्हती, शिट्टी कुठली."

 आठ दिवसांचं ओझं एका दाढेवर गेलं होतं. मग सायकलताईने भिंगरीचा हात धरून बजावलं की हे घरी बोलायचं नाही. तुझ्या बाबांना कळलं तर ते भले आहेत, मुद्दाम वाजवतील. आणि मुद्दाम वाजवलेलं वेगळं ऐकू येतं.

परतीला वारा समोरून होता. सायकलताई पुढे राहिली, वारा अंगावर घेत, आणि या वेळी दर वळणावर थांबली. भिंगरी तिच्या मागच्या चाकाकडे बघत पेडल मारत होती. खिशातली फीत मांडीला टोचत होती.

घरी आल्यावर जिन्यावर सायकल चढवायला तिने मागचं चाक धरलं. म्हणजे वर जायला निमित्त मिळालं, पण आता ते नको होतं. खोली तिने कल्पिली होती तशीच, उजेडाची, शांत. टेबल डाव्या भिंतीला बरोबर मावलं असतं, मोजायची गरजच नव्हती. त्या भिंतीवर सायकलताईने हाताने काढलेला मोठा नकाशा होता. जिथे ती सायकलने गेली तेवढेच रस्ते त्यात. कुठे कुत्रं मागे लागतं, कुठे पाण्याचा नळ आहे, कुठे दगडात शिंपले सापडतात, सगळं बारीक अक्षरात. खाली कोपऱ्यात या घराचा एक चौकोन, आणि त्यात लहानसा झरोका काढलेला. बाकी घराला ना दार, ना खिडकी. खोलीतली एकुलती एक खुर्ची टेबलाशी नव्हती, न्हाणीघराच्या झरोक्याच्या वर येणाऱ्या खिडकीशी होती.

फीत खिशातून घसरून जमिनीवर पडली आणि उलगडत गेली.

"हे कशाला?" सायकलताईने उचलून दिली.

"आईची आहे," भिंगरी म्हणाली. "चुकून आली."

संध्याकाळी बाबांनी सदरा बदलला. भाडेकरणीला खोली सोडायला सांगायची तर बनियनवर कसं जायचं, असं त्यांचं म्हणणं. आई शिवणयंत्रावर बसल्या बसल्या त्यांना शब्द पुरवत होती, की नीट सांगा, घाई नाही म्हणा, मुलीचं शेवटचं वर्ष आहे म्हणा. बाबांचं तोंड आधीच पडलं होतं. त्यांनी दाराची कडी काढली.

पडद्यापलीकडच्या खाटेवरून भिंगरी उठली. पाय असे भरून आले होते की उठताना तिने यंत्राचा आधार घेतला. एक वर्ष भांडून मिळवलेली खोली, तिची उजेडाची भिंत, दाराला आतून लावायची कडी, सगळं तिने एकदा डोळ्यांसमोर आणलं. तिने फीत नीट गुंडाळली आणि आईच्या पुढ्यात ठेवली.

"बाबा, वर जाऊ नका. मला ती खोली नको."

आईचं यंत्र थांबलं. तिने आधी भिंगरीच्या कपाळाला हात लावून पाहिला, मग विचारलं की उन्हात फिरलीस का. बाबा म्हणाले, अगं, वर्षभर आमचं डोकं खाल्लंस, आणि आता काय झालं? कारण तर सांग.

कारण जिभेच्या टोकावर होतं. भिंगरीने आयुष्यात पहिल्यांदा जीभ टाळ्याला लावली आणि तिथेच धरून ठेवली.

"कारण नाही," ती म्हणाली. "माझं ठरलंय. मी इथेच अभ्यास करणार, या पडद्याशी, कानात बोळे घालून. ताई तिचं शिक्षण संपेपर्यंत वरच राहणार. आणि दर रविवारी मी तिच्याबरोबर सायकलवर जाणार आहे, तेव्हा आई, तुझ्या सायकलची टोपली काढून ठेव."