आडवी आलेली पिओनी

मी एक पिओनी बोलतेय. नाव ऐकून बिचकू नका. गुलाबाची भरल्या अंगाची मावसबहीण समजा, म्हणजे झालं. लग्नाच्या जेवणात टेबलाच्या मधोमध फुलांचा जो डोंगर मांडतात, त्यातली मी एक. आम्ही एकूण एकसष्ट जणी होतो. साठ जणी शोभेला होत्या. मला मात्र काम नेमून दिलेलं होतं, आणि ते काम म्हणजे एका बहिणीला तिचा सख्खा भाऊ दिसू न देणं.

माझा जन्म थंड हवेच्या एका उतारावरचा. आमचं झुडूप माळ्याच्या आजोबांनी लावलेलं. पिओनी एकदा रुजली की पन्नास-साठ वर्षं जागा सोडत नाही. कुणी उपटून दुसरीकडे लावलीच, तर दोन-तीन वर्षं रुसून बसते, एक फूल धरत नाही. माळी हे गिऱ्हाइकांना सांगायचा तेव्हा त्याच्या आवाजात तक्रार नसायची, कौतुकच असायचं. आमच्या घराण्यात रुसव्याला कुणी दोष मानत नाही.

कळी होते तेव्हा मी लिंबाएवढी होते, दगडासारखी घट्ट आणि अंगभर चिकट. तो चिकटपणा गोड असतो, म्हणून दिवसभर मुंग्यांची ये-जा चालायची. लोकांना वाटतं, मुंग्या गुदगुल्या करतात म्हणून आम्ही उघडतो. मुंग्या जेवायला येतात, जेवून जातात. आम्ही आमच्या मर्जीने उघडतो.

बुधवारी सकाळी तोडणी होती. माळी प्रत्येक कळी चिमटीत धरून दाबून बघायचा. लोण्यासारखी दबली तर तोडायची, कडक लागली तर राहू द्यायची. माझी पाळी आली आणि नेमकी त्याला शिंक आली. त्या भरात मी कडक असूनही कापली गेले. पुढचं सगळं रामायण त्या एका शिंकेचं.

फुलवाल्या बाईंच्या दुकानात आम्ही बादलीत उभ्या राहिलो. बाई एकट्याच काम करायच्या आणि कात्री चालवताना आमच्याशीच बोलायच्या. तीस वर्षं त्या लग्नाची टेबलं सजवत होत्या आणि त्यांचं एकच तत्त्व होतं. टेबलावरची फुलं हनुवटीच्या खाली असावीत, नाहीतर थेट डोक्याच्या वर. समोरासमोर बसलेल्यांना एकमेकांची तोंडं दिसली पाहिजेत. आता या वयात हे तत्त्व मोडायची वेळ आली म्हणून त्या देठ जरा जोरातच कापत होत्या.

झालं होतं असं. नवरीची आई आणि मामा अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. मुख्य टेबल सोडून दुसरीकडे बसवलं असतं तर दोघांपैकी कुणीच लग्नाला आलं नसतं. शेजारी बसवलं तर कोपराला कोपर लागणार. राहिलं समोरासमोर बसवणं. म्हणून नवरीने बाईंना सांगितलं होतं, की मध्ये असं काहीतरी उभं करा, की दोघांना एकमेकांचा केसही दिसता कामा नये.

भांडणाचं कारण एक कपाट. अकरा वर्षांपूर्वी आईने नवं कपाट घेतलं आणि ते आतल्या खोलीत न्यायला मामा आला. मामा पुढे, आई मागे. दारात आल्यावर मामा काहीतरी म्हणाला. आईच्या म्हणण्याप्रमाणे तो "ढकल" म्हणाला. मामाच्या म्हणण्याप्रमाणे तो "उचल" म्हणाला. आईने ढकललं, मामाने उचललं, आणि कपाट दारात असं रुतलं की पुढेही जाईना आणि मागेही येईना. सुतार तिसऱ्या दिवशी आला. तोवर खोलीत जायचं झालं की घरातली माणसं खिडकीतून जात होती. सुताराने कपाटाचे पाय कापून ते सोडवलं. बहीण-भाऊ मात्र तेव्हा जे रुतले ते रुतलेच.

गुरुवारी आई दुकानात आली. बाईंनी खुर्चीच्या उंचीचं निमित्त करून तिला बसवलं आणि टेबलापासून डोळ्यांपर्यंत फीत लावली. आईला निमित्त वगैरे लागतच नव्हतं. ती म्हणाली, "उंची ठीक आहे, पण रुंदी वाढवा. तो जेवताना डावीकडे झुकतो. लहानपणापासूनची सवय आहे."

शुक्रवारी मामा आला. मामाचं चष्म्याचं दुकान होतं, त्यामुळे कोणाला कुठून काय दिसतं हे त्याला बाईंपेक्षा जास्त कळत होतं. त्याने वाकून, मागे सरून, एक डोळा मिटून सगळं तपासलं. मग म्हणाला, "ताईसाठी दोन बोटं जास्त धरा. ती बसली की पाठ अगदी ताठ असते."

तो गेल्यावर बाईंनी कात्री खाली ठेवली. मग आम्हाला म्हणाल्या, की एकमेकांना इतकं पाठ असलेली माणसं मी पाहिली नाहीत.

शनिवारी दुपारचं जेवण होतं. उंच काचेच्या फुलदाणीत आमचा डोंगर उभा राहिला. साठ जणी वेळेवर फुलल्या होत्या, एकेक बशीएवढी. आणि मी? दोघांच्या डोळ्यांच्या बरोबर रेषेत, लिंबाएवढी. माझ्या भोवती तळहाताएवढी फट राहिली होती आणि तिच्यातून आरपार दिसत होतं. मला बदलायला जावं तर सगळा डोंगर कलंडेल, अशी बाईंना भीती होती.

बाईंनी कोमट पाण्यात बोट बुडवून माझ्या अंगावरचा चिकटा पुसला. काही झालं नाही. त्यांनी नवरीला सांगितलं, की ऊब मिळाली तर कदाचित उघडेल. नवरी लग्नाच्या कपड्यांत, केस अर्धे बांधलेले, हेअर ड्रायर घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. तेवढ्यात तिला शोधत नवरा आला. आपली होणारी बायको एका कळीला वाळवते आहे हे त्याने पाहिलं आणि वायर कशात अडकू नये म्हणून हातात उचलून धरली. माणूस चांगला निघेल, असं मला तेव्हाच वाटलं.

पण मी काही उघडले नाही. मला खरंच जमत नव्हतं. त्यात सगळे माझ्याकडे बघत होते आणि त्याने मी आणखीच आवळत होते.

लग्न लागलं. माणसं जेवायला बसली. सूप आलं. मामाने चमचा तोंडाकडे नेला, तो सवयीप्रमाणे डावीकडे झुकला, आणि फटीतून त्याला एक डोळा दिसला. आईलाही एक डोळा दिसला. दोघांनी माना खाली घातल्या. थोड्या वेळाने दोघांनी पुन्हा बघितलं. डोळे तिथेच होते.

टेबलावरची बाकीची माणसं जेवायची थांबली. नवरीने नवऱ्याचा हात धरला.

मामाने चमचा खाली ठेवला आणि तो माझ्याशी बोलू लागला.

"फुला, समोरच्या डोळ्याला सांग, नंबर वाढलाय. बारीक करून बघावं लागतंय."

मी काय सांगणार? पण निरोप पोचला.

"फुला, समोरच्याला सांग, चष्मा जुना आहे," आई म्हणाली.

"किती जुना?"

"त्यालाच विचार. त्यानेच केलेला आहे."

मामा फटीकडे आणखी झुकला. मग त्याने मला विचारलं, की एवढ्या वर्षांत दुसरा का नाही केला, गावात चष्मेवाल्यांची काय वाण आहे का. आई म्हणाली, "दुसऱ्याच्या हातचा चष्मा माझ्या नाकावर बसत नाही."

आता दोघंही पुढे झुकले होते. एका बाजूने त्याचा श्वास, दुसऱ्या बाजूने तिचा. दोन्ही गरम सुपाचे. हेअर ड्रायरने जे झालं नव्हतं ते तिथे झालं. माझी बाहेरची पाकळी सुटली. आमचं एकदा सुटलं की मग थांबवता येत नाही. दुसरी सुटली, चौथी सुटली, बघता बघता मी वाटीएवढी झाले, मग बशीएवढी. आई म्हणत होती, "त्याला सांग, एकदा तरी दारात यायचं होतं," आणि तेवढ्यात माझ्या पाकळ्या तिच्या डोळ्यासमोर आल्या. फट बुजली.

माझं काम फत्ते झालं होतं. नको त्या वेळी.

नवरीला आधी हायसं वाटलं, मग आईचा चेहरा बघून तिचाच चेहरा पडला. आई मान इकडे तिकडे करत मला चुकवून बघू पाहत होती. मामा अर्धवट उठला. "हे फूल आडवं आलंय," असं म्हणून त्याने माझी मान धरली आणि मला ओढून काढलं.

बाईंची भीती खरी होती. डोंगर कलंडला. फुलदाणी आडवी झाली, साठ फुलं नवऱ्याच्या आत्याच्या मांडीवर गेली आणि फुलदाणीचं पाणी चार जणांच्या सुपात. मध्ये काहीच उरलं नाही. बहीण आणि भाऊ अकरा वर्षांनी समोरासमोर होते.

"मी उचल म्हणालो होतो," मामा म्हणाला.

"तू ढकल म्हणालास."

आणि मग जे जुंपलं ते भात उतू जावा तसं. कोणाचा हात कुठे होता, कपाट किती तिरकं होतं, उंबऱ्याला आधी कोण अडखळलं. त्या भांडणात अकरा वर्षांचं सगळं वाहून आलं. मामाचं ऑपरेशन झालं तेव्हा तिने शेजारणीकरवी रोज चौकशी केली होती. तिच्या घरासमोरून जाताना तो दर वेळी सायकलची घंटी वाजवत होता. ते सगळं ओरडूनच सांगितलं गेलं. पाहुणे खुर्च्या वळवून ऐकत होते.

शेवटी नवरी उठली. 

"मी आत होते," ती म्हणाली. "कपाटाच्या मागे. मी 'थांबा' म्हणत होते. ते दोघांनीही ऐकलं नाही. मी तीन दिवस खिडकीतून शाळेत गेले."

 मग आई आणि मामा दोघंही तिच्याकडे वळले आणि एका सुरात म्हणाले, "तू लहान होतीस, तुला काय कळतंय त्यातलं."

बोलून झाल्यावर दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांचं कशावर तरी एकमत झालं होतं. नवरी कपाळाला हात लावून खाली बसली आणि हसता हसता रडायला लागली. मामा आपली खुर्ची ओढत टेबलाला वळसा घालून आईच्या शेजारी आला. मी अजून त्याच्या मुठीतच होते. त्याने मला पाण्याच्या पेल्यात ठेवलं आणि आईच्या नाकावरचा चष्मा काढून आपल्या रुमालाने पुसला.

आई मला घरी घेऊन आली. स्वयंपाकघराच्या खिडकीत, त्याच पेल्यात, मी चार दिवस उभी आहे. घर आता रिकामं आहे. नवरी सासरी गेली. रोज दुपारी मामाचा फोन येतो आणि तो एकच गोष्ट विचारतो, फूल कसं आहे. ताई, तू कशी आहेस, असं विचारायला त्याची जीभ वळत नाही. मग आई मला बघून सांगते, की बरं आहे, रंग जरा उतरलाय, रात्री झोप लागली नसावी. मी फूल आहे, मला कुठली झोप. पण मी मध्ये बोलत नाही.

आज सकाळी मी गळाले. आमचं गळणं एकेक पाकळीचं नसतं. सगळा पसारा एकदम खाली येतो. आईने आवाज ऐकून वळून पाहिलं. केरसुणी घेतली, परत ठेवली.

दुपारी फोन वाजला. आई खिडकीशी आली. तिने माझ्या नुसत्या देठाकडे बघितलं, ओट्यावरच्या पाकळ्यांकडे बघितलं.

"आहे ना," ती म्हणाली. "चांगलं टवटवीत आहे. पण फोनवर किती सांगणार? संध्याकाळी येऊन बघ."

ती आता ओटा पुसते आहे, पाकळ्यांच्या कडेकडेने. माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे, की संध्याकाळी तो दारात आला, तर आत येऊन बसेपर्यंत त्याला कुणी काही सांगू नका. आणि मला तोवर या पेल्यात राहू द्या. फूल म्हणून माझ्यात काही उरलेलं नाही, पण निमित्त म्हणून मी अजून ताजी आहे.