खारीने कापूस कुठे नेला?

मित्रांनो, मी एक जुना पिंजरा आहे, पण गंजका म्हणाल तर खबरदार! एका लोहाराने मला तारेच्या जाळीतून घडवले आणि दाराला अशी स्प्रिंग बसवली, की आत ठेवलेल्या खाऊला कोणी तोंड लावले रे लावले की खटकन दार बंद! जिवाला मात्र ओरखडासुद्धा नाही. गाद्यांच्या कारखान्यातल्या काकूंनी मला आणले ते याचसाठी. आपल्या नवऱ्याला, म्हणजे काकांना, त्या ठणकावून म्हणाल्या होत्या, "विषबिष इथे चालायचं नाही. धरायचं आणि लांब नेऊन सोडायचं."

काय दिवस होते ते! दांडगट घुशींनीसुद्धा माझ्यापुढे हात टेकले. पुढे कारखान्यात मांजर आले आणि मी माळ्यावर धूळ खात पडलो. फार वाईट वाटायचे.

मग एक खार आली. नव्याकोऱ्या गाद्यांची शिवण उसवून ती कापूस पळवू लागली. मांजराला ती मुळीच दाद देईना. शेवटी मला खाली काढून पुसले, आत शेंगदाणे ठेवले. मला कोण आनंद झाला! दुसऱ्याच दिवशी सकाळी, खटकन!

"धरली!" काका लहान मुलासारखे ओरडले आणि मला सायकलच्या कॅरिअरवर बांधू लागले. आत त्यांची मुलगी कापूस पिंजण्याच्या यंत्राला नवा पट्टा चढवत होती. जुना तुटल्यापासून ते यंत्र बंदच होते.

काकू खार बघायला वाकल्या आणि एकदम किंचाळल्या, "अहो, थांबा! हिच्या अंगावर दूध आहे. पिल्लं असणार हिला!"

"असतील एखाद्या झाडावर."

"मग कापूस कधी बाहेर नेताना दिसली का? आतच कुठेतरी घर केलंय तिनं!"

इतक्यात मुलीची हाक आली, "आई, यंत्र सुरू करते गं!"

"बटणाला हात लावू नकोस!" काकू धावत सुटल्या. मला छातीशी धरून काका त्यांच्या मागे. पण सगळीकडे कापसाचे ढीग, पिल्ले शोधायची कुठे? काकूंनी सरळ माझे दार उघडले. जिथे धरले तिथेच सोडायचे? मला तर काही सुचेना! खार सुसाट सुटली आणि थेट यंत्राच्या तोंडात शिरली.

आम्ही डोकावलो. लोखंडी दात्यांच्या मागे, आमच्याच कापसात, डोळेही न उघडलेली पिल्ले वळवळत होती. मुलीने नुकताच चढवलेला पट्टा पुन्हा उतरवला.

"यंत्र आज चालणार नाही," काका म्हणाले. गिऱ्हाइके खोळंबली तरी त्यांनी ऐकले नाही. खार एकेक पिल्लू तोंडात धरून खिडकीबाहेरच्या झाडावर नेत राहिली. शेवटचे पिल्लू गेले तेव्हा तिघांनी टाळ्या वाजवल्या. मग काकूंनी खिडकीला जाळी ठोकली, आणि काकांनी गुपचूप मूठभर कापूस झाडाखाली ठेवला.

मित्रांनो, नको असलेला जीव घरात शिरला तर मला जरूर बोलवा. मी त्याला अलगद धरीन. पण दूर नेण्याआधी त्याच्यामागे कोण उरले आहे, ते एकदा बघा. मला नुसते दार लावता येते. वाकून बघायचे काम तुमचे आहे.