सायकलची तार

धाकट्याने विमानाचं नाक पुन्हा एकदा खिडकीकडे फिरवलं आणि चटका बसावा तसा हात मागे घेतला.

काल संध्याकाळीही त्याने हेच केलं होतं. परवाही. खिडकी लावलेली, पंखा बंद, दाराला कडी. तरी सकाळी बघावं तर ते वीतभर लांबीचं, पाण्यावर उतरणारं विमान आपल्या टोकदार तारेवर गपचूप वळलेलं. नाक धाकट्याच्या स्टुलाकडे. थोरला गेल्यापासून हे असंच चाललं होतं, आणि त्याचा अर्थ धाकट्याला कुणाला विचारावा लागत नव्हता. राग आला की थोरला असाच बघायचा, न बोलता, समोरचा मान खाली घालेपर्यंत.

भांडण तसं जन्माचं होतं. दोघे भाऊ एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून लहान विमानं बनवायचे. थोरला विमान घडवायचा, धाकटा स्टँड करायचा. थोरल्याचं म्हणणं, उडणारी वस्तू तोलावर राहिली पाहिजे. पोटाखाली तोलाची जागा शोधायची, तिथे टिंबाएवढा खळगा करायचा आणि तारेच्या टोकावर विमान नुसतं टेकवायचं. जवळून कुणी गेलं तर ते डुललं पाहिजे. धाकट्याचं म्हणणं, डुलणारी वस्तू आज ना उद्या पडते. पोटात भोक पाडा, सायकलच्या चाकाची तार घाला, गोंद भरा, विषय संपला.

"विमानाला सायकलची तार!" थोरला कपाळावर हात मारून घ्यायचा. "अरे, मग घंटीपण बसव की."

तोवर सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग एका प्रदर्शनात थोरल्याचं एक विमान पडून पंख मोडला, आणि धाकट्याने त्याला न विचारता दुसरं, त्याचं सगळ्यात लाडकं, तारेवर कायमचं चिकटवून टाकलं. त्या दिवशी थोरला म्हणाला, "माझ्या विमानांना पुन्हा हात लावू नकोस." त्यानंतर दोघे बसायचे त्याच टेबलावर, पण बोलणं वहिनींमार्फत. "त्याला सांग, पक्कड दे." वहिनी स्वयंपाकघरातून हात पुसत यायच्या, धाकट्याच्या स्टुलाशेजारी खिळ्याला टांगलेली पक्कड काढून हातभर पलीकडे द्यायच्या आणि दोघांच्याही नावाने बोटं मोडत परत जायच्या. अबोला सुटायच्या आतच थोरल्याच्या हृदयाने दगा दिला.

तो रागातच गेला का, एवढा एकच प्रश्न धाकट्याला खात होता.

उद्या वाचनालयाची गाडी येणार होती. थोरल्याची सगळी विमानं तिथल्या काचेच्या कपाटात जायची होती आणि अट एकच होती, प्रत्येक विमान स्टँडवर पक्कं बसवलेलं हवं. बाकीची झाली होती. दर वेळी ड्रिल लावताना धाकटा "दादा, माफ कर" असं पुटपुटला होता. राहिलं होतं हे एक, थोरल्याने शेवटचं केलेलं. ते करताना थोरला टेबलाच्या मधोमध पुठ्ठा उभा करून बसायचा, धाकट्याला दिसू नये म्हणून.

धाकट्याने पुठ्ठ्याच्या तुकड्यावर दोन नळ्यांतला गोंद कालवला. विमान उलटं करून मऊ फडक्यावर ठेवलं, पोटाच्या खळग्यात हातड्रिलचं टोक टेकवलं आणि दोन फेरे दिले. लाकडाचा भुसा यायला हवा होता. आलं मेण.

तो थांबला. सुईने कोरून मेण काढलं, वरच्या रंगासकट. आत पितळी नळी होती, नीट बसवलेली. त्याने आपल्या खोक्यातली सायकलची तार घेतली आणि श्वास रोखून आत सरकवली. तार अलगद गेली आणि तळाला टेकली. अशा मापाची नळी बाजारात मिळत नव्हती. ती आतून घासून घासून कुणीतरी त्या तारेच्या मापाची केली होती.

"वहिनी!"

वहिनी आल्या, त्यांनी बघितलं आणि थोरल्याच्या स्टुलावर बसल्या.

"म्हणजे त्यासाठी चोरली होती तर."

"काय चोरली?"

"तार. तुम्ही बाहेर गेला होतात, तेव्हा ह्यांनी तुमच्या खोक्यातली एक तार उचलली. मला म्हणाले, त्याला सांगू नकोस. मला वाटलं, तुम्हाला खिजवायला असेल." त्यांनी विमानावरून हात फिरवला. "तुम्हा दोघांचे इतके निरोप पोचवले भाऊजी, तेवढा एकच माझ्यापाशी राहिला."

धाकट्याने जुनी टोकदार तार स्टँडवरून उपटली, तिथे आपली बसवली आणि तिच्यावर विमान चढवलं. स्टँड उचलून जोरजोरात हलवला. विमान पडलं नाही. मग त्याने हळूच फुंकर घातली. विमान संथपणे वळलं.

"घंटी तेवढी राहिली," तो म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं.

पुठ्ठ्यावरचा गोंद तसाच वाळून गेला. संध्याकाळी नेहमीप्रमाणे त्याने विमानाचं नाक खिडकीकडे केलं आणि दार लावून घेतलं.

सकाळी वाचनालयाचा माणूस एकेक विमान खोक्यात भरू लागला. शेवटच्याला हात लावून म्हणाला, "हे फिरतंय की. पक्कं करायचं राहिलं का?"

"ते पक्कंच आहे," धाकटा म्हणाला. "पण ते नाही द्यायचं. ते आम्ही दोघांनी मिळून केलंय."

गाडी गेली. धाकटा आत येऊन आपल्या स्टुलावर बसला. फळ्या रिकाम्या होत्या. विमान रात्रीत पुन्हा वळलं होतं, पण आज त्याने मान खाली घातली नाही. पहिल्यांदाच नाकाच्या रेषेत नजर धरून नीट बघितलं. नाक त्याच्या स्टुलावर नव्हतंच. ते किंचित बाजूला होतं, खिळ्याला टांगलेल्या पकडीवर.

त्याने पक्कड काढली. स्वयंपाकघरात वहिनींच्या भांड्यांचा आवाज येत होता. त्याने हाक मारली नाही. हात लांब करून पक्कड टेबलाच्या पलीकडच्या बाजूला ठेवली.

"घे," तो म्हणाला.