काकूंचा हात

दुरुस्तीवाल्याने तिसऱ्यांदा पट्टीवरच्या दहाच्या आकड्यावर फोकस धरला आणि बटण दाबलं. कॅमेरा स्टँडवर घट्ट बसवलेला, समोर तिरकी ठेवलेली मोजपट्टी. त्याने स्क्रीनवर फोटो मोठा करून पाहिला. दहा धूसर आणि चौदा लख्ख. लेन्सचा फोकस चांगला चार आकडे मागे जात होता.

"विकला जाईल ना, दादा?" काउंटरपलीकडच्या मुलीने विचारलं. ती दोन जिने चढून आली होती, खांद्यावर दोन महिन्यांचं बाळ आणि हातात कॅमेऱ्याची जड पिशवी घेऊन. "आईचा आहे. ती आता काढत नाही फोटो."

त्याने कॅमेरा उलटा केला. तळाला त्याच्याच दुकानाचं स्टिकर, त्याच्याच अक्षरात तारीख. तीन महिन्यांपूर्वीची.

मग काकू आठवल्या. शाळांचे ग्रुप फोटो काढून त्यांनी दोन मुली वाढवल्या होत्या. "चेहरे पुसट येतात हो, मागची भिंत स्वच्छ येते," असं त्यांनी अगदी नेमकं सांगितलं होतं. त्याने सवयीने दुकानातली लेन्स लावून दोन फोटो काढले. दोन्ही उत्तम आले. काकूंची लेन्स, आज कॅमेऱ्यावर होती तीच, पिशवीतच राहिली. तीस वर्षांच्या अनुभवाला पिशवी उघडायची गरजच वाटली नव्हती. त्यात दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती, त्यामुळे तोंडालाही जोर आला.

"काकू, कॅमेरा ठणठणीत आहे. तुमचाच हात थरथरतोय. पुरे झालं आता, नातवंडं खेळवा!"

सगळे हसले होते. काकूही हसल्या होत्या, आणि जाताना आभार मानून गेल्या होत्या.

त्याने मेनू उघडला, फोकस पुढे आणायला दुरुस्तीचा आकडा उणे आठवर नेला आणि पुन्हा फोटो काढला. दहा लख्ख आला. सगळं मिळून पाच मिनिटांचं काम. आता गप्प बसावं, कॅमेरा ठेवून घ्यावा, विकून टाकावा. कोण विचारणार होतं? हे मनात आलं तेव्हा त्याला स्वतःचीच किळस आली.

बाळ कुरकुरायला लागलं.

"आई आल्यात का बरोबर? त्यांच्याकडे द्यायचं ना थोडा वेळ," तो उगाच बोलला.

"खाली उभी आहे. वर यायला लाजते." मुलीने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "आणि ती याला घेत नाही. जन्मल्यापासून एकदाही नाही. हात थरथरतो, पडेल म्हणते. डॉक्टरांनी सांगितलं काही झालेलं नाही, तरी ऐकत नाही. म्हणते, तीस वर्षं हेच काम करणाऱ्या माणसाने सांगितलंय."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कॅमेरा उचलून तो जिना उतरू लागला. दुकान उघडं टाकलंय हेही त्याच्या ध्यानात राहिलं नाही. मागून मुलगी बाळाला सांभाळत उतरत होती.

काकू जिन्यालगत पाठमोऱ्या उभ्या होत्या. दोन्ही हात बगलेत आवळून धरलेले.

"काकू, लेन्समध्ये दोष होता," तो एका दमात म्हणाला. "तेव्हा मी ती तपासलीच नव्हती. न बघता तुमच्या हातावर ढकललं. तुमच्या हाताला काहीसुद्धा झालेलं नाही. माझं चुकलं."

काकूंनी आधी मुलीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. कॅमेरा घेतला, लांबच्या एका पाटीवर धरला, बटण दाबलं. स्क्रीन डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिलं.

"अक्षर न् अक्षर वाचता येतंय," त्या म्हणाल्या.

"बघ! मी काय सांगत होते?" मुलीने बाळ पुढे केलं. "घे आता तरी."

काकूंनी कॅमेरा गळ्यात अडकवला. हात पुढे केले, आणि तसेच मागे घेतले.

"थांब. आधी बसू दे मला."

त्या सगळ्यात खालच्या पायरीवर टेकल्या, पदराला हात पुसले, मांडी नीट केली.

"दे. पण तू हात खालीच धर गं," त्या हळूच म्हणाल्या. मग त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "आणि भाऊ, तुम्हीही धरा."