कॉलरची चिठ्ठी

लाँड्रीतल्या इस्त्रीवाल्यांना सगळे कडकराव म्हणायचे. त्यांनी इस्त्री केलेल्या पँटच्या घडीने बोट कापेल, असं मालकीणबाई गिऱ्हाइकांना सांगत. माणूस मात्र अगदी मऊ. तीस वर्षं लोकांचे कपडे कडक केले आणि स्वतः दोन चुरगळलेल्या शर्टांवर दिवस काढले. कधी कुरकुर नाही. पण लेकीचं लग्न झालं, व्याही मिळाले आणि बिचाऱ्यांची झोप उडाली.

व्याही 'कपड्यांच्या मोठ्या कंपनीत' होते म्हणे. रोज नवा कोट, रोज नवा सेल्फी. हनुवटी वर, डोळे बारीक, खाली 'सुप्रभात, मित्रांनो' आणि त्यावर पन्नास-साठ अंगठे! लेक माहेरी आली की मोबाईल पुढे करायची. "बाबा, बघा ना आमचे सासरे! तुम्हीही टाका की एखादा फोटो." कडकरावांच्या पोटात असं काही दुखायचं की विचारू नका.

शेवटी एके सकाळी, दुकान उघडायच्या आधी, त्यांनी एक करडा कोट अंगात चढवला. कुणाचा? गिऱ्हाइकाचा, आणखी कुणाचा! मागे पांढरी चादर टांगली, पोट आत घेतलं, हात लांब केला आणि खटॅक. संध्याकाळपर्यंत एकतीस अंगठे, त्यात एक चक्क व्याह्यांचा. झालं, गडी हवेत! पुढच्या आठ महिन्यांत दुकानात आलेला एकही कोट त्यांच्या अंगावर चढायचा राहिला नाही. सैल झाला तर मागून पिना लावून आवळायचा, फोटो झाला की पुन्हा इस्त्री मारून जागच्या जागी. लेकीने विचारलं तेव्हा बेधडक सांगितलं, "शिवून घेतले गं, हौस म्हणून."

घोटाळा एकच होता. दुकानात आलेल्या प्रत्येक कपड्याच्या कॉलरला नंबराची गुलाबी चिठ्ठी टोचलेली असते आणि गिऱ्हाईक येईपर्यंत ती काढायची नाही असा नियम असतो. तीस वर्षं बघून बघून कडकरावांना ती चिठ्ठी दिसेनाशीच झाली होती. प्रत्येक फोटोत, कानाच्या जरा खाली, गुलाबी चिठ्ठी. नंबरासकट!

मग एके दिवशी दातांच्या डॉक्टरीणबाई मोबाईल नाचवत दुकानात घुसल्या.

"हा माझ्या नवऱ्याचा कोट! दोनशे चौदा नंबर. माझ्या पावतीवरही दोनशे चौदाच आहे."

मालकीणबाईंनी चष्मा लावून फोटो पाहिला, मग कडकरावांकडे पाहिलं. कडकरावांनी इस्त्रीकडे पाहिलं.

"आणि वर तो आमच्या ह्यांच्यापेक्षा यांनाच जास्त शोभतोय! त्याने तर माझं डोकंच फिरलंय," असं म्हणून बाई कोट घेऊन तरातरा निघून गेल्या.

"कडकराव," मालकीणबाई म्हणाल्या, "इतक्या वर्षांचे संबंध म्हणून एकदा सोडते. सगळे फोटो आत्ताच्या आत्ता उडवा. पुन्हा असलं काही दिसलं तर या दुकानाची पायरी चढायची नाही."

नोकरी वाचली, पण अब्रूचं काय? एवढे फोटो एकदम गायब झाले की व्याही विचारणार. सुनेचा बाप लोकांचे कोट घालून मिरवतो, हे तिकडे कळलं तर लेकीने त्या घरात मान वर कशी करायची?

एकेक फोटो उडवता उडवता व्याह्यांचा आजचा फोटो समोर आला. विटकरी कोट. कडकरावांनी जळफळत तो मोठा करून पाहिला. शिवण बरी होती, खांद्यावरची इस्त्री जरा कच्ची. आणि कॉलरला... अरेच्चा! पिवळी चिठ्ठी. नंबर सत्याऐंशी. कालच्या फोटोत पिवळी चिठ्ठी, परवाच्याही. पिवळ्या चिठ्ठ्या लावणारी लाँड्री गावात एकच, पुलापलीकडची. म्हणजे ही यांची मोठी कंपनी!

कडकराव इतके हसले की मोबाईल बाजूला ठेवावा लागला. बोटं शिवशिवायला लागली. फोटोखाली सगळ्यांदेखत लिहावं? लिहिलंसुद्धा. पण पाठवायच्या आधी लेक आठवली. शेवटी तिचंच सासर. त्यांनी ते पुसलं आणि फक्त व्याह्यांना निरोप धाडला. "व्याहीबुवा, कॉलरची चिठ्ठी आत दुमडत जा. पिवळा रंग लांबून दिसतो."

उत्तर लगेच आलं. "गुलाबीही दिसतो. तुमच्या पहिल्या फोटोपासून बघतोय. घरात कुणाला बोललो नाही, सूनबाईंना तर नाहीच."

कडकरावांनी ते चार वेळा वाचलं. कान लाजेने तापले, डोळ्यांत पाणी आलं. ज्या माणसावर ते आठ महिने जळत होते, त्यानेच आठ महिने त्यांची अब्रू झाकून ठेवली होती.

तेवढ्यात मोबाईल पुन्हा वाजला. "फोटो उडवताय म्हणजे पकडले गेलात वाटतं. माझी गिऱ्हाइकं तुमच्याकडे येत नाहीत, तुमची माझ्याकडे येत नाहीत. एकमेकांचे कोट घालू, म्हणजे ओळखणार कोण? माझं माप बेचाळीस. मखमली काही आलंय का?"

मालकीणबाई पाठमोऱ्या आहेत ना, हे कडकरावांनी नीट पाहून घेतलं. मग ते टांगलेल्या जांभळ्या मखमली कोटापाशी गेले आणि त्याची गुलाबी चिठ्ठी आधी आत दुमडली.