दोन बोटांची शाबासकी

मित्रांनो, मला हात नाहीत, पाय नाहीत. डोके, मान आणि छाती, एवढाच काय तो मी. मी प्रथमोपचाराच्या वर्गातला एक जुना रबरी पुतळा आहे. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती कशी दाबायची, हे शिकायला माणसे माझ्यापुढे गुडघे टेकत. देवापुढेच जणू टेकत आहेत असे मला वाटे, आणि त्या कामाचा मला फार अभिमान होता.

माझ्या छातीत एक जाडजूड स्प्रिंग होती आणि तिच्याखाली एक कळ. छाती चांगली दोन इंच खाली गेली, तरच ती कळ 'टक्' वाजे. ती माझी शाबासकी. मी नवा होतो तेव्हा ती स्वस्तात मिळत नसे. धट्टीकट्टी माणसे घामाघूम होत आणि शिकवणारे सर हसून म्हणत, "दाबा, दाबा! पुतळ्याला वशिला चालत नाही."

पण स्प्रिंगही शेवटी थकतेच. हजारो तळवे सोसून माझी स्प्रिंग ढिली पडली आणि कळ वर सरकली. आता कोणी नुसता हात टेकला तरी मी वाजू लागलो. सरांनी नवी स्प्रिंग मागितली. संस्थेचे साहेब दारातूनच म्हणाले, "वाजतोय ना? मग राहू द्या."

मी वाजत राहिलो. माणसे खूश होत राहिली. संस्थेच्या दाराशी मोठा फलक लागला, 'आमचे सर्व विद्यार्थी म्हणतात, उत्तम!'

अशाच एका वर्गाला ताई आल्या. कपड्यांच्या कारखान्यात त्या शिलाई विभाग सांभाळत. सगळा कारखाना त्यांना ताईच म्हणे. त्यांनी माझ्या छातीवर तळवे ठेवून जरासा भार दिला आणि मी वाजलो. त्या चमकल्या.

"सर, एवढ्या हलक्या हातानं माणूस उठतो?"

"पुतळा बोलला ना, ताई? मग झालं तर! तुमच्या हाताला गुण आहे."

सगळे हसले. मग अभिप्राय देण्याची वेळ आली. तिथली रीत अशी, की आधी अभिप्रायावर खूण करायची आणि मगच प्रमाणपत्र हातात पडायचे. सर प्रमाणपत्रांचा गठ्ठा काखेत धरून बाकांमधून फिरत असत. अशा वेळी 'साधारण'वर खूण करायला कोण धजावणार? ताईंचे पेन क्षणभर अडले. शेजारीण कुजबुजली, "अहो, करा की 'उत्तम'. कोण वाचतंय?" ताईंनी 'उत्तम'वर खूण केली.

काही महिन्यांनी त्या परत आल्या, त्या भर वर्गात. चेहरा ओळखू येत नव्हता.

त्यांच्या कारखान्यात एक मिस्त्री होते. शिलाई यंत्रांना तेल घालत, म्हणून सगळे त्यांना तेलदादा म्हणत. ऐन कामात ते कोसळले. रुग्णवाहिका येईपर्यंत ताईंनी त्यांची छाती दाबली, अगदी माझ्यावर शिकल्या होत्या तशीच. तेलदादा गेले. नंतर डॉक्टरांनी विचारले, कसे दाबलेत, दाखवा. ताईंनी उशीवर दाबून दाखवले. डॉक्टर हळूच म्हणाले, "बाई, हे तर कुरवाळणं झालं."

एवढे सांगून ताई माझ्यापुढे बसल्या. त्यांनी तळवे ठेवलेच नाहीत, दोन बोटे ठेवली. टक्! मागे कोणी तरी हसले. त्यांनी पुन्हा दाबले. टक्! मग कोणी हसले नाही.

आवाज ऐकून साहेब आले. "बाई, एवढ्या लोकांनी 'उत्तम' म्हटलंय. एकट्या तुम्हालाच शहाणपण सुचलं?"

"त्यांनी तुमच्या नजरेखाली म्हटलंय, साहेब. त्यांतली एक मीच आहे."

सर खाली मान घालून उभे होते. इतकेच म्हणाले, "मी स्प्रिंग मागितली होती." साहेबांनी त्यांच्याकडे असे पाहिले, की सर प्रमाणपत्रांचा गठ्ठा आवरू लागले.

ताई गप्प बसल्या नाहीत. जिथे जिथे इथे शिकलेली माणसे कामाला होती, तिथे तिथे त्या सुट्टीच्या दिवशी जात आणि एकच विचारत, "वेळ आली तेव्हा शिकलेलं उपयोगी पडलं का?" कोणी टाळत, कोणी चिडत. त्या नेमाने जात राहिल्या. शेवटी आपले कामगार इथे शिकायला पाठवणाऱ्या कारखान्यांची बैठक माझ्याच खोलीत भरली. इथे शिकलेली माणसेही आली. त्यांतला एक बसचालक उठून म्हणाला, "प्रमाणपत्र काचेच्या चौकटीत आहे साहेब, हात मात्र कोरेच." बऱ्याच चर्चेनंतर ठरले ते असे. प्रमाणपत्र आधी द्यायचे आणि अभिप्राय काही महिने काम केल्यावर घ्यायचा. तो संस्थेने नव्हे, बाहेरच्या माणसाने विचारायचा. सांगणारा खरोखर इथे शिकला होता का, हे तपासायचे. वाईट अभिप्रायाखाली संस्थेने हवे तर उत्तर लिहावे, पण तो खोडता येणार नाही. सारे अभिप्राय नव्या विद्यार्थ्यांना आधी वाचायला मिळतील.

साहेब हसले. "छान. आणि आपल्या नावानिशी पहिला अभिप्राय देणार कोण?"

सगळ्यांच्या नजरा जमिनीला लागल्या. बसचालकाचीही.

"मी देईन," ताई म्हणाल्या. "पण आधी एका माणसाला सांगायला हवं."

मित्रांनो, ते माणूस म्हणजे तेलदादांची बायको. तिला सगळ्यांनी सांगितले होते, ताईंनी शर्थ केली, पण देवाची इच्छा. त्या एका वाक्यावर ती बाई दिवस काढत होती. ताईंना ती बहीण मानत होती. खरा अभिप्राय लिहायचा, तर ते वाक्य मोडावे लागणार होते.

ताई त्या वहिनींना माझ्याकडे घेऊन आल्या. वहिनींनी माझ्या चेहऱ्यावरून मायेने हात फिरवला. "ह्याच्यावर शिकलात होय?"

"वहिनी, दोन बोटांनी दाबा."

टक्!

ताईंनी सगळे सांगितले, 'उत्तम'वरच्या खुणेपर्यंत. वहिनींनी माझ्या छातीवरची बोटे काढून घेतली.

"म्हणजे ते वाचले असते?"

"ते कुणालाच ठाऊक नाही. पण वाचायची संधी होती. ती माझ्या हातांतून गेली."

"तुम्हाला शंका आली होती, ताई?"

"आली होती."

"मग तेव्हाच का नाही लिहिलंत?"

वहिनी उठल्या. पदर सावरत म्हणाल्या, "लिहा. ह्यांचं नावही घाला, माझी ना नाही. रोज देवाकडे तुमच्यासाठी मागत होते मी. आता माझ्याच्यानं होणार नाही. आणि आमच्याकडे येत जाऊ नका."

ताईंनी लिहिले. त्यामागोमाग बसचालकाने लिहिले, मग इतरांनी. साहेबांना एकही अभिप्राय खोडता आला नाही. माझ्या जागी नवा पुतळा आला. तो कोणाला सहजासहजी शाबासकी देत नाही म्हणतात. मी अडगळीच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलो आहे. ताई त्या घरी पुन्हा गेल्या नाहीत.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. माझ्यासारख्या वस्तू झिजतात, त्यांच्याकडे वेळेवर पाहत जा. आणि एखादे शिकणे कसे होते असे कोणी विचारले, तर तोंडदेखले बोलू नका. तुमच्या एका 'उत्तम'च्या भरवशावर उद्या कोणी तरी, कोणाच्या तरी छातीवर हात ठेवणार आहे.